खिमटवाल्याचं पोर

एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. बाळाला भरवावं कसं, हे जावा बेटावरच्या आमच्या अख्ख्या क्लाटेन गावात माझ्याइतकं कोणाला कळत नाही! म्हणजे, अकरा वर्षं मी तसं धरून चाललो होतो. मशिदीच्या कोपऱ्यावर माझी बाळांच्या खिमटाची गाडी आहे. सकाळी साडेपाचला दोन पातेली घेऊन उभा राहतो. एकात कलेजी नि गाजर, दुसऱ्यात मासा नि पालक. आठाच्या आत दोन्हींचा तळ दिसतो. "पोर खातच नाही हो," म्हणत कोणी रडवेली आली, की मी डाव आपटून म्हणायचो, "पोर खात नाही असं नसतंच. आईला भरवता येत नाही, असं असतं!"

हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

आमचा दानांग सहा महिन्यांचा झाला, तेव्हा मी नवी कोरी वाटी आणली. शेजारपाजार जमला. मी चमचा पुढे केला. दानांगने चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि दुकानाचं शटर ओढावं तसे ओठ मिटून घेतले! मी हसलो. दुसऱ्या दिवशीही हसलो. आठव्या दिवशी हसू आटलं.

दोन महिने झाले. मी काय काय नाही केलं! गाणी म्हटली, नाचलो, सासूचा पदर डोक्यावर घेतला. एकदा शेळीसारखा ओरडलो तेव्हा त्याने तोंड उघडलं, हसायला! मी तेवढ्यात चमचा आत सारला. त्याने घास जिभेवर घेतला, जरा विचार केला, आणि माझ्या शर्टावर परत केला. मग आईच्या कुशीत शिरून चुटूचुटू प्यायला लागला.

"पितोय, खेळतोय. लागेल चव हळूहळू," बायको म्हणाली. मुर्तिनीचा स्वभावच शांत.

"हळूहळू म्हणजे कधी? त्याच्या लग्नात?"

"मस, तुम्ही चमचा घेऊन असे अंगावर येता, की मलासुद्धा भीती वाटते!" ("मस" म्हणजे आमच्याकडे नवऱ्याला, कुठल्याही पुरुषाला मानाने मारायची हाक.)

बरं, बाहेर बोलायची सोय नाही. खिमटवाल्याचंच पोर खिमट खात नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक आधी पातेल्याचा वास घेणार! म्हणून मी रोज दानांगची वाटी स्वयंपाकघराच्या मागे नेऊन स्वतः संपवायचो आणि गाडीवर ठेवायचो. "बघा, चाटूनपुसून!" बायका कौतुकाने माना डोलवायच्या. दोन महिन्यांत माझं वजन चार किलोंनी वाढलं. वाढायचं होतं त्याचं मात्र वाढेना!

खरी धास्ती तीच होती. महिन्यातून एकदा आमच्या वॉर्डात बाळांची वजनं होतात. गेल्या खेपेला सुईण बू रेतनो (बू म्हणजे आमच्याकडे बाई) यांनी दानांगच्या कार्डावर ठिपका काढला. सात किलो चारशे. त्याच्या आधीच्या महिन्यातही तेवढंच. त्या कार्डाकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या वेळी ठिपका वर सरकायला हवा. नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात दाखवू." बोलल्या अगदी साधेपणाने, पण घरी येईपर्यंत मी ते कार्ड चारदा उघडून पाहिलं. तो ठिपका कार्डावरच्या हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या, पट्ट्याच्या खालच्या कडेला टेकला होता. खिमट ढवळताना मला तो पातेल्यातही दिसायचा.

वजनाचा दिवस उजाडला. मुर्तिनी शेजारच्या लग्नघरी रांधायला गेलेली. सासूने, म्हणजे आमच्या सिंबोकने, दानांगला कापडाच्या झोळीत बांधून माझ्या खांद्यावर दिलं. रस्त्यात माझा खांदा भरून आला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पोर जड लागतंय! महिनाभराच्या दुधाने का होईना, वाढलंय!

पोहोचेपर्यंत दानांग झोपला होता. वजनकाट्यापाशी वॉर्डाच्या सेविका बू कसमिरा उभ्या होत्या. त्यांचा आवाज असा की ध्वनिक्षेपकाने लाजावं.

"उठवू नका लेकराला! झोळीसकट टांगू, कापडाचं वजन वजा करू!"

झोळी आकड्याला अडकवली. त्यांनी दांडीवरचं वजन सरकवलं, आणखी सरकवलं, चष्मा पुसला, पुन्हा सरकवलं.

"आठ किलो तीनशे!" त्या ओरडल्या. "एका महिन्यात नऊशे ग्रॅम! अगं बायांनो, बघा खिमटाची कमाल!"

पंचवीस बायका माझ्याभोवती! "कुठलं खिमट हो, कलेजीचं का माशाचं?" "माझ्या दोन वाट्या उद्यापासून!" मी कार्डावरचा नवा ठिपका पाहिला. हिरव्या पट्ट्याच्या मधोमध! माझे डोळे भरून आले. त्या दिवशी बू रेतनो दुसऱ्या वॉर्डात गेल्या होत्या, नाहीतर तिथेच सोक्षमोक्ष लागला असता. बू कसमिरांनी तेवढ्यात जाहीरही केलं की रविवारी तालुक्याच्या सुदृढ बालक स्पर्धेत आपल्या वॉर्डातर्फे दानांग जाणार! आणि व्यासपीठावर सर्वांसमोर त्याला खिमट कोण भरवणार? त्याचा बाप!

मी तरंगतच घरी आलो. झोळी सोडली आणि तिच्या टोकाच्या गाठीतून काहीतरी निसटून माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. मी एवढ्या जोरात ओरडलो की दानांग दचकून जागा झाला. खाली पाहतो तर काढ्याच्या मुळ्या वाटायचा आमचा छोटा दगडी वरवंटा!

"सिंबोक! हा झोळीत कसा?"

"मीच बांधला," सासू शांतपणे म्हणाली. "पोर अन्नाला शिवत नाही म्हणजे कोणाची तरी नजर आहे. दगड जवळ असला की नजर दगडाला लागते. माझ्या आईने मलाही बांधला होता."

"अहो, पण आज वजन होतं!"

"दगडाचं कशाला वजन केलंत?"

मी लंगडत गाडीपाशी गेलो आणि जिन्नस मोजायच्या काट्यावर वरवंटा ठेवला. साडेआठशे ग्रॅम. अंगठ्याची कळ विसरून मी वजाबाकी केली. सात किलो साडेचारशे. म्हणजे पोर महिन्याभरात वाढलं ते जेमतेम पन्नास ग्रॅम! सगळे मला शाबासकी देत होते, आणि माझं पोर होतं तिथेच होतं.

लग्नघरून आलेल्या मुर्तिनीने सगळं ऐकलं आणि दाराकडे बोट दाखवलं. "आत्ताच्या आत्ता जा, बू कसमिरांना खरं सांगून या."

गेलो. त्या ओसरीवर बसून कापडी फलक रंगवत होत्या. त्यावर माझं नाव होतं, दानांगचं नाव होतं आणि एक हसरी वाटी होती.

"बू, ते वजन जरा... चुकलंय."

"म्हणजे अजून जास्त आहे?"

"नाही हो, कमी! झोळीत दगड होता."

त्या खो-खो हसल्या. "पोर दगडासारखं ठणठणीत आहे, हे सांगायची ही काय रीत! मस सुगेंग, इतकी नम्रता बरी नव्हे. आठ वर्षांत आपल्या वॉर्डाचं पोर कधी व्यासपीठावर चढलं नाही. माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं बघा!"

त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मी तोंड उघडलं. त्यांनी त्यात तळलेलं केळं घातलं. ते गिळेपर्यंत माझं धैर्यही पोटात गेलं.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. गाडीवर रांग दुप्पट झाली. घरी मी दिवसातून सात वेळा चमचा पुढे करत होतो, आणि दानांग आता चमच्याचा आवाज आला तरी मान फिरवत होता. मुर्तिनी माझ्याशी बोलेना.

रविवार आला. तालुक्याच्या सभागृहात पाचशे माणसं. व्यासपीठावर परीक्षक म्हणून नेमक्या बू रेतनो! दानांगला उंच खुर्चीत बसवलं. मी चमचा भरला. घाईत निम्मं खिमट खुर्चीवरच सांडलं.

शटर बंद.

मी गाणं म्हटलं. शटर बंद. शेवटी पाचशे माणसांसमोर शेळीसारखा ओरडलो! पहिल्या रांगेत बसलेल्या तालुका अधिकाऱ्यांच्या पत्नी दचकल्या, पण दानांगने ओठ आणखी घट्ट केले. मग त्याचा खालचा ओठ थरथरला आणि डोळ्यांतून टपकन पाणी आलं. आवाज न करता रडत होता. माझं पोर मला घाबरत होतं, आणि मी हातात चमचा घेऊन उभा होतो.

मी चमचा खाली ठेवला आणि ध्वनिक्षेपक तोंडाशी धरला.

"तो खात नाही. माझ्या हातचा एक घाससुद्धा त्याने कधी खाल्लेला नाही. वाटी मी संपवतो. वजनात साडेआठशे ग्रॅमचा वरवंटा होता. त्याचं काही बिनसलं असेल तर मला सांगा हो, मला काही कळत नाही!"

मागून बू कसमिरांचा आवाज आला, "वरवंटा?"

बू रेतनो उठल्या. वाटलं, आता खरडपट्टी! पण त्यांनी दानांगला उचलून मुर्तिनीकडे दिलं. "आधी पोटभर पाज. रडकं, भुकेलं पोर नवं काही खात नसतं." मग चटई अंथरायला लावली आणि मला म्हणाल्या, "बस. जेव."

"कोण, मी?"

"हो, तूच. याच्यासमोर बसून कधी जेवलायस?"

आठवून पाहिलं. पहाटेपासून गाडी, मग घाईचे घास उभ्या उभ्या, आणि त्याची वाटी तर चोरून, मागच्या दारी! पोराने मला खाताना कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते चमचा घेऊन चाल करून येताना.

आयोजकांनी फराळाचे डबे वाटले होते. मुर्तिनी, मी आणि बू रेतनो चटईवर बसून उकडलेलं रताळं खाऊ लागलो. दूध पिऊन खुशीत आलेला दानांग मांडीवर होता. त्याच्याकडे कोणी बघायचं नाही, अशी मला ताकीद होती. न बघता मला घाम फुटला. तेवढ्यात मनगटाला काहीतरी मऊ, चिकट लागलं. दानांगने माझ्या हातातलं रताळं मुठीत धरलं होतं! त्याने ते कुस्करलं, कानाला फासलं, बू रेतनोंच्या गणवेशाला पुसलं, आणि उरलेलं तोंडात घालून चघळत बसला. गिळलं! पुन्हा हात पुढे!

मी चटईवर बसून हमसून हमसून रडलो. परीक्षकांसमोर रडणारा सुदृढ बालक मीच एकटा होतो.

बक्षीस अर्थातच दुसऱ्याच्या पोराला गेलं. बू रेतनोंनी दानांगचे कपडे काढून पुन्हा वजन केलं. सात किलो पाचशे. "हळू आहे, पण सरकतोय," त्या म्हणाल्या. "उद्या रक्त तपासायला घेऊन ये, लोह कमी वाटतंय. दूध चालू ठेवा. रोज तुमच्याबरोबर जेवायला बसवा, आणि त्याच्या हाताने खाऊ द्या. सांडू दे." रक्तात लोह कमीच निघालं. थेंब सुरू झाले.

पण त्या तपासणीच्या आधी सोमवारची सकाळ होती, आणि गाडी लावायची होती. वाटलं, आज चिटपाखरू फिरकणार नाही! पण साडेपाचला नेहमीची रांग उभी. मी मान खाली घालून पातेलं ढवळत राहिलो. पहिला नंबर नेहमीप्रमाणे म्बाह सार्मींचा, म्हणजे सार्मी आजींचा. ऐंशीची म्हातारी, दीड वर्षाच्या पणतूसाठी रोज वाटी नेणारी.

"काय रे, तुझं पोर खरंच खात नाही?"

"नाही, म्बाह." गाडीवर उभा राहून पहिल्यांदाच खरं बोललो. "आता तुमच्या पणतूला तरी कशाला द्यायचं, असं वाटत असेल तुम्हाला."

"पणतू कधी खातो?" म्हातारी म्हणाली. "पहिल्या दिवशीच थुंकला होता. मी खाते. दात कुठायत मला?"

मी रांगेकडे पाहिलं. एकीने पदर तोंडाला लावला. दुसरी उगाच मशिदीचा घुमट बघायला लागली. तिसरी पुटपुटली, "आमच्याकडे नवरा खातो, ठेचा कालवून..." मग जी हसायला लागली ती सगळी रांगच! पोरं खात नाहीत म्हणून घरोघरी रडं होतं, आणि माझ्या धाकाने एकीनेही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं.

म्बाह सार्मींनी वाटी पुढे केली. "आज दोन डाव घाल. आणि इतके दिवस सांगीन सांगीन म्हणते, मेल्या, जरा मीठ टाकत जा!"