बायकोच्या मागं, नियमानुसार

चमकत्या पट्ट्यांचं जाकीट पुण्याहून मागवायचं की नांदेडला मिळतं तेच घ्यायचं, एवढाच प्रश्न होता. तो शरदचंद्रांनी सोडवला आणि तिथूनच सगळं बिनसलं.

त्यांची बायको विनीता लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायची आणि उरलेल्या वेळात सायकल चालवायची. चालवायची म्हणजे कशी, तर शरदचंद्र पहाटे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होईपर्यंत ती औशाला जाऊन परत आलेली असायची. यंदा तिनं लांब पल्ल्याच्या शर्यतीत नाव घातलं होतं. लातूरहून नांदेड, तिथून नायगाव, मुखेड आणि पुन्हा लातूर. सकाळी निघायचं आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पोचायचं. स्पर्धकामागं घरच्यांची एक गाडी हवी आणि गाडीत किमान दोन माणसं हवीत, असा नियम होता. विनीताचा धाकटा भाऊ यज्ञेश त्याची जीप घेऊन यायला तयार झाला. दुसरं माणूस म्हणून शरदचंद्र आपोआपच आले (दुसरं कुणी सापडलं नाही, असं विनीता नंतर म्हणाली).

शरदचंद्रांनी दहावीनंतर सायकलीला हात लावला नव्हता. पण ते सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत होते आणि नियम म्हटलं की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. शर्यतीची नियमपुस्तिका त्यांनी देवघरासमोर बसून वाचली. दिवस मावळला की गाडीनं स्पर्धकाच्या मागंच राहायचं, हेडलाइटचा उजेड त्याच्यावर ठेवायचा. शेजारी यायचं नाही. चालत्या गाडीतून काही द्यायचं नाही. हॉर्न वाजवायचा नाही. अंधारात मागं गाडी नसेल, तर स्पर्धकानं आहे तिथंच थांबायचं. विनीता सराव करत होती, तेव्हा हे पाठांतर करत होते.

जाकिटाबद्दल पुस्तिकेत एवढंच होतं की ते अंधारात चमकलं पाहिजे. ते सायकलवाल्यांचंच हवं, असं कुठं म्हटलं नव्हतं. शरदचंद्रांनी नांदेडच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून पोपटी रंगाचं, चंदेरी पट्ट्यांचं दणकट जाकीट आणलं. विनीतानं ते घालून आरशात पाहिलं. डांबर टाकायला निघाल्यासारखी दिसते, असं ती म्हणाली. कसं दिसावं याबद्दल नियमात कलम नाही, असं शरदचंद्रांनी तिला समजावलं.

शर्यतीच्या दिवशी दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं; दिवसा जीप शरदचंद्र चालवत होते. अहमदपूरजवळ विनीतानं चालत्या सायकलवरून केळं मागितलं. शरदचंद्रांनी आधी तिला थांबायला लावलं, मग जीप रस्त्याच्या खाली घेतली, मग स्वतः उतरले आणि मग केळं दिलं. तेवढ्यात दोन स्पर्धक पुढं गेले. साल विनीतानं जरा जोरातच त्यांच्या हातात दिलं.

नांदेड ओलांडल्यावर मात्र एक म्हैस आडवी आली आणि शरदचंद्रांच्या हातून हॉर्न वाजला. दुसऱ्याच क्षणी मोटारसायकलवरून पंच हजर. सुदर्शन नावाचा तरुण होता, बोलायला फार नम्र. त्यानं शांतपणे सांगितलं की ही ताकीद आहे. पुन्हा हॉर्न वाजला किंवा गाडी शेजारी आली, तर मॅडम शर्यतीतून बाद. चूक जीपची आणि शिक्षा विनीताला. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांना एकही मेमो मिळाला नव्हता.

त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगच्या मधल्या भागावर रुमाल बांधला आणि त्या भागाकडं पाहणंसुद्धा सोडून दिलं.

नायगाव सोडल्यावर मुखेडच्या रस्त्यावर एका मंगल कार्यालयाच्या आवारात शर्यतीचा तपासणी-थांबा होता. विनीता तिथं पोचली, तेव्हा बायकांमध्ये पहिली होती. सोलापूरची एक बाई थोडीच मागं होती. दिवस मावळतीला आलेला. विनीतानं जाकीट घातलं, पिवळं हेल्मेट पुन्हा घट्ट केलं, मोबाइलची बॅटरी संपत आली म्हणून तो जीपमध्ये चार्जिंगला दिला. (स्पर्धकाजवळ मोबाइल असलाच पाहिजे, असं कलम होतं. पाच मिनिटांनी काय बिघडतंय, असं शरदचंद्रांना आयुष्यात प्रथमच वाटलं.) ती तोंड धुऊन येते म्हणाली आणि त्यांना एक चहा आणायला सांगितलं. यज्ञेशला पुढं रात्रभर गाडी चालवायची होती, म्हणून तो मागच्या सीटवर घोरत होता.

शरदचंद्र टपरीवर उभे होते. चहा उकळतोय तोवर त्यांनी सहज मान वळवली, तर पोपटी जाकीट आणि पिवळं हेल्मेट सायकलवरून मुखेडच्या दिशेनं निघालेलं.

अंधार पडतोय, मागं जीप नाही, मोबाइल नाही. पंचानं पाहिलं की संपलं. चहा तसाच टाकून ते धावले, जीप चालू केली, टपावरचे पिवळे दिवे लुकलुकत सोडले आणि पाठलाग सुरू केला. जाकीट दिसलं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. मग नियमाप्रमाणं तीस मीटर अंतर ठेवून ते मागं लागले.

थोड्या वेळानं त्यांच्या लक्षात आलं की सायकलला मागचा लाल दिवा नाही. पडला असणार. रस्त्याचं काम चाललेलं, खडी पसरलेली, धूळ उडत होती. धुळीतून फक्त चंदेरी पट्ट्या चमकत होत्या, आणि त्या हलत होत्या. सायकल या कडेची त्या कडेला जात होती. विनीता दमली होती, दुसरं काय? स्पर्धकाचा तोल जात असेल तर गाडीतल्यांनी त्याला थांबवावं, असा नियम होता. पण थांबवायचं कसं? हॉर्न वाजवला तर बाद. शेजारी गेलं तर बाद. नाही थांबवलं आणि ती समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रकखाली गेली तर? त्यांनी डिपर मारला.

सायकलवरच्या माणसानं एकदा मागं वळून पाहिलं आणि एकदम वेग घेतला.

कुठून आणते ही एवढा दम, असं शरदचंद्रांना वाटलं. त्यांचे डोळे भरून आले. आपण हिला कधी नीट ओळखलंच नाही, हेही त्यांच्या मनात आलं. सायकल जितकी जोरात पळायची, तितकी जीप इमानानं मागं जायची. पुन्हा मागं वळून पाहिलं गेलं, पुन्हा वेग वाढला. आणि अचानक सायकल डांबरी रस्ता सोडून एका कच्च्या वाटेला वळली.

आता मात्र शरदचंद्र हादरले. इतक्या तासांनंतर स्पर्धकांना भास होतात, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. वाट चुकलेल्या माणसाला एकटं सोडायचं नसतं. त्यांनीही जीप वळवली. तुरीच्या शेतांमधून खड्ड्यांत आपटत, दिवे लुकलुकवत ते एका वस्तीत शिरले. पुढच्यानं सायकल अंगणात टाकून दिली आणि घरात शिरून दार लावून घेतलं.

जीप थांबली तशी चहूबाजूंनी माणसं गोळा झाली. कुणाच्या हातात काठी होती, कुणाच्या हातात बॅटरी. एक म्हातारा पुढं आला. भुजंगअप्पा म्हणून वस्तीतला मोठा माणूस होता. त्यानं जीपची किल्ली काढून घेतली आणि मगच बोलायला सुरुवात केली.

“कोण हाव तुमी? आमच्या पोराच्या मागं कशाला लागलाव?”

“कुणाच्याही नाही,” शरदचंद्र म्हणाले. “मी माझ्या बायकोच्या मागं आलोय.”

एवढ्यात दार उघडलं आणि पोपटी जाकीट, पिवळं हेल्मेट बॅटरीच्या उजेडात आलं. त्याखाली दणदणीत मिशा होत्या. नरसिंग नावाचा हा गडी रुंदीकरणाच्या कामावर खडी पसरायला जायचा आणि दिवस मावळला की सायकलवर घरी यायचा. आज त्याच्यामागं एक जीप लागली होती. हॉर्न नाही, हाक नाही. हळू झाला की हळू व्हायची, पळाला की पळायची. तो अजून धापा टाकत होता.

त्याची बायको चांगुणा दारात येऊन उभी राहिली. तिनं नवऱ्याकडं वरून खालपर्यंत पाहिलं, मग शरदचंद्रांकडं पाहिलं.

“हे तुमची बायको हाय?” तिनं विचारलं.

मागच्या सीटवर यज्ञेश डोळे चोळत उठून बसला. काठ्या घेतलेली माणसं त्यानं एकेक करून पाहिली. मग त्यानं विचारलं, “दाजी, ताई कुठंय?”

विनीता कुठं होती? जीप दिसली नाही म्हणून अंधारातच पुढं निघाली असेल? या खडीच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रकांमधून, मागं उजेड नसताना? शरदचंद्रांनी तिला फोन लावला. जीपच्या कप्प्यात चार्जिंगला लावलेला मोबाइल वाजायला लागला. सगळी वस्ती ती रिंगटोन ऐकत उभी राहिली.

शरदचंद्रांनी अडखळत सगळं सांगितलं. ऐकता ऐकता भुजंगअप्पांच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी काळजी आली. ते म्हणाले, “रस्ता लई खराब हाय. तुमी हिथं बोलत नका बसू, बाईला बगा आदी.” त्यांनी किल्ली परत दिली. नरसिंग जीपमध्ये चढला. कुठं खोदून ठेवलंय, हे त्याला माहीत होतं.

परतीच्या वाटेत शरदचंद्रांनी स्टिअरिंगवरचा रुमाल ओढून काढला आणि हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही. यज्ञेश चालवत होता आणि शरदचंद्र शेजारून आडवा हात घालून हॉर्न दाबत होते. दुसऱ्या बाजूनं मान बाहेर काढून “विनीता, विनीता” अशा हाका मारत होते. रस्त्याकडेला खोदलेल्या प्रत्येक चारीपाशी ते जीप थांबवायला लावायचे, नरसिंग उतरून बॅटरी मारायचा. एका ठिकाणी काहीतरी चमकलं आणि शरदचंद्र उडी मारून खाली गेले. पत्र्याचा तुकडा होता. तो हातात घेऊन ते तिथंच खाली बसले. नरसिंगनं त्यांना दंडाला धरून वर आणलं. “गावतील की ताई,” तो म्हणाला.

ताई गावल्या. मंगल कार्यालयाच्या दारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, हेल्मेट घालून, सायकल मांडीला टेकवून बसल्या होत्या. अंधारात मागं गाडी नसेल तर आहे तिथंच थांबायचं, हा नियम विनीतालाही पाठ होता. ती तोंड धुऊन आली, तेव्हा जीप गेलेली होती. सोलापूरची बाई आली, चहा प्याली, निघूनही गेली. विनीता बसून राहिली.

जीप थांबली. शरदचंद्र उतरले. त्यांचे कपडे मातीनं भरले होते आणि हातात अजून तो पत्र्याचा तुकडा होता. विनीतानं त्यांच्याकडं पाहिलं. मग मागून उतरलेल्या, आपल्यासारखंच जाकीट आणि आपल्यासारखंच हेल्मेट घातलेल्या मिशाळ माणसाकडं पाहिलं. ती गणित शिकवायची. तिला फार वेळ लागला नाही.

“चहा आणायला इतक्या लांब गेला होता?” एवढंच ती म्हणाली. तिनं त्यांच्या हातातला तुकडा काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

आता प्रश्न हॉर्नचा होता. तो नायगावपर्यंत ऐकू आला होता. तपासणीवर थांबलेल्या पंच सुदर्शननं पुस्तिका उघडली, बराच वेळ वाचली आणि निकाल दिला, की गाडीनं हॉर्न स्पर्धकाच्या मागं असताना वाजवू नये असं कलम आहे. इथं गाडी स्पर्धकाच्या मागं नव्हतीच, त्यामुळं कलम लागू होत नाही. शरदचंद्रांना त्याच्या पाया पडावंसं वाटलं. एवढा सुंदर निर्णय त्यांनी कचेरीतसुद्धा पाहिला नव्हता.

विनीता निघाली. नरसिंग त्याच्या वाटेपर्यंत जीपमध्ये बसून खड्डे सांगत राहिला. यज्ञेश चालवत होता, आणि शरदचंद्रांना मागच्या सीटवर बसवून कशालाही हात लावायचा नाही असं सांगण्यात आलं होतं. मुखेडची तपासणी बंद करायला माणसं टेबलं उचलत होती, तेव्हा ती पोचली. लातूरला ती वेळेत आली, बायकांमध्ये दुसरी. सोलापूरची बाई बरीच आधी येऊन आंघोळ करून बसली होती.

बक्षीस समारंभात संयोजकांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून नियमांत एक कलम वाढवलं आहे: गाडीनं कुणाच्याही मागं लागण्यापूर्वी त्या व्यक्तीचा चेहरा पाहून खात्री करून घ्यावी. सभागृहातली सगळी डोकी शरदचंद्रांकडं वळली. त्यांना वाईट वाटलं नाही. आयुष्यभर त्यांनी इतरांनी केलेले नियम पाळले होते. हा नियम त्यांच्यामुळं झाला होता. जरा छाती पुढं काढून ते विनीताकडं झुकले आणि म्हणाले, की आता पुढच्या वर्षी काळजी नको.

विनीता टाळ्या वाजवत होती. पुढच्या वर्षासाठी तिनं गाडीविना जाणाऱ्यांच्या नव्या गटात नाव दिलंय, असं तिनं सांगितलं.

शरदचंद्र दुखावले. “अगं, पण मागं गाडी असते ती सुरक्षिततेसाठी.”

“म्हणूनच,” विनीता म्हणाली.