न उघडलेलं पोळीभाजी केंद्र

सुहासिनीच्या थायरॉइडच्या गोळ्या पुन्हा एकदा न्यू साईछायात जाऊन परत गेल्या, तेव्हा सुधाकर पेडणेकरांनी ठरवलं, आता नकाशाच दुरुस्त करायचा. विरार पूर्वेला, फुलपाड्यात, त्यांची साईछाया सोसायटी. तिच्या मागच्या गल्लीत न्यू साईछाया, पलीकडे साईछाया फेज टू आणि या सगळ्यांच्या मधे बिल्डर बदलल्यामुळे ओम साईछाया झालेली आणखी एक इमारत. ऑनलाइन मागवलेली वस्तू घेऊन येणारा माणूस या चारींमधून फिरून घामाघूम व्हायचा, फोनवर "सर, लोकेशन पे ही खडा हूं" म्हणायचा आणि भलत्याच कोणाच्या तरी दारात उभा असायचा.

पेडणेकर विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते आणि सोसायटीचे सेक्रेटरी होते. उरलेल्या वेळात ते मत द्यायचे. नकाशाच्या ॲपवर आसपासच्या यच्चयावत गोष्टींना त्यांचे तारे मिळालेले होते. तळ्याकाठच्या बाकांना तीन, नाक्यावरच्या रिक्षाच्या रांगेला एक, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला चार. गिरणीचा पाचवा तारा 'पीठ गरम असतानाच पिशवी बांधतात' या कारणासाठी राखून ठेवला होता. पाचही तारे द्यावेत असं काही वसई-विरारात अजून त्यांना सापडलेलं नव्हतं.

"आपलं घरच नकाशावर टाकतो," ते म्हणाले. पण ॲप राहतं घर घेईना. ही जागा सार्वजनिक उपयोगाची नाही, असं ते पुन्हा पुन्हा नम्रपणे सांगत राहिलं. दुकान मात्र ते हसत हसत घेत होतं. पेडणेकरांनी चष्मा पुसला. डिलिव्हरीवाल्याला खुणेशी मतलब, मग ती खूण घराची असली काय नि दुकानाची असली काय! कसलं दुकान टाकावं, असा विचार करत असताना स्वयंपाकघरातून पोळ्यांचा वास आला आणि त्यांनी टाकलं: 'सुहासिनी पोळीभाजी केंद्र'. खाली फ्लॅटचा नंबर, सोसायटीत कोणाला न दिलेला आपला दुसरा मोबाइल नंबर, आणि वेळ विचारली तिथे 'चोवीस तास', कारण गोळ्या कधीही येऊ शकतात.

"अहो, पण कोणी खरंच पोळ्या मागायला आलं म्हणजे?" सुहासिनीने आतून विचारलं.

"पत्ता शोधत आपल्या दारापर्यंत आजवर कोण पोचलंय?" पेडणेकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गोळ्या आल्या. त्यानंतर गॅसची शेगडी दुरुस्त करणारा आला, तोही एकही फोन न करता. पेडणेकरांना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्यांनी शेगडीवाल्याला चहा पाजून खुणेची कल्पना कोणाची ते सविस्तर सांगितलं.

मग फोन सुरू झाले.

"नमस्कार सर, परेश बोलतोय. तुमच्या बिझनेसला आपण पहिल्या पानावर आणू शकतो."

"माझा बिझनेस नाहीये."

"तेच तर सर! म्हणून तर जाहिरात करायची."

पेडणेकरांना जाहिरातींची विलक्षण चीड होती. दारावर चिकटवलेले पेस्ट कंट्रोलचे, कर्जाचे नि ट्यूशनचे स्टिकर ते दर रविवारी सुरीने खरवडून काढायचे. साडीच्या सेलचा भोंगा लावून फिरणाऱ्या रिक्षेला त्यांनी गॅलरीतून कितीदा तरी भाषण ऐकवलं होतं. आता जाहिरात करा म्हणणारेच दिवसभर घरात येऊ लागले, खिशातून. शेवटी त्यांनी तो मोबाइल सुहासिनीच्या हवाली केला. "तूच उचल. मला रक्तदाब आहे."

आणि एके दिवशी भर दुपारी बेल वाजली. दारात हेल्मेट काखेत धरलेला एक तरुण उभा होता. प्रीतम त्याचं नाव. औषधांच्या कंपनीत विक्रीचं काम करायचा, डॉक्टरांकडे फिरता फिरता भूक लागली म्हणून जवळचं खाणं शोधलं होतं.

"इथे केंद्र वगैरे काही नाही," पेडणेकर म्हणाले.

"पण काका, नकाशावर तर..."

"नकाशावर मीच टाकलंय. ते खोटं आहे."

"म्हणजे तुम्हीच टाकलंय ना? मग खोटं कसं?"

हुज्जत रंगात येत होती, तेवढ्यात सुहासिनी पदराला हात पुसत बाहेर आली. ती वसईकडच्या गास गावच्या बागायतदारांची मुलगी. तिच्या माहेरी जेवणाच्या वेळेला विहिरीचा पंप दुरुस्त करणारा येवो की केळी न्यायला आलेला व्यापारी, पान मांडल्याशिवाय त्याला कोणी जाऊ देत नसे. "भुकेला माणूस दारात उभा नि तुम्ही त्याला नकाशा कसला समजावताय? ये रे बाळा, आत ये. हात धू." प्रीतम पोळ्या आणि वालाचं बिरडं पोटभर जेवला. पैसे द्यायला लागला तर सुहासिनीने ते घेतले नाहीत.

संध्याकाळी ॲपवर त्याचा अभिप्राय आला. तीन तारे. 'बिरडं एक नंबर. पोळी थोडी जाड. मालक दारातच वाद घालतात.'

सुहासिनीने तो वाचला आणि मोबाइल खाली ठेवला. मग पुन्हा उचलून वाचला. "माझी पोळी जाड?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. इतक्या वर्षांत तिच्या पोळीबद्दल कोणी एक शब्द काढलेला नव्हता. चांगलाही नव्हता, पण ते तिच्या आजवर लक्षात आलं नव्हतं.

पेडणेकरांना ते पाहवेना. शिवाय समोर कोणाचं तरी मत होतं आणि त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. त्यांनी खरमरीत मजकूर लिहायला घेतला. ॲपने मधेच विचारलं, आपण या व्यवसायाचे मालक आहात का? त्याशिवाय उत्तर देता येणार नव्हतं. रागाच्या भरात त्यांनी 'होय' दाबलं, मोबाइलवर आलेला आकडा भरला, आणि त्यांचं उत्तर संपूर्ण नावानिशी झळकलं: 'पोळी जाड नसून पदर सुटलेली होती. खाणाऱ्याने आधी घडीची पोळी ओळखायला शिकावे. सुधाकर पेडणेकर, मालक.'

आपण काय केलं, ते त्यांना रात्री दात घासताना उमगलं. साईछायात घरातून कोणताही व्यवसाय करायचा नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत त्यांनीच मांडून मंजूर करून घेतला होता. त्या ठरावापायी दुसऱ्या मजल्यावरच्या विनिताचं ब्यूटी पार्लर बंद पडलं होतं. अनोळखी माणसं जिन्यात येतात, लिफ्टमध्ये जाहिराती चिकटतात, असं पेडणेकरांनी तेव्हा ठणकावून सांगितलं होतं. विनिता त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलत नव्हती. आता महिनाअखेरच्या रविवारी वार्षिक सभा होती. तोवर हे केंद्र नकाशावरून गेलं नाही, तर सेक्रेटरीपद तर जाणारच, पण ज्या तोंडाने नियम सांगितले ते तोंड फुलपाड्यात कुठे दाखवायचं, हा प्रश्न होता.

त्यांनी 'कायमचे बंद' दाबलं. ॲप म्हणालं, अलीकडेच येऊन गेलेल्यांच्या मते ही जागा सुरू आहे, तपासून कळवू. तपासणी चालू असतानाच आणखी दोघं जेवून गेले, कारण सुहासिनी आता हट्टाला पेटली होती. कणीक तासभर आधी भिजत होती, पोळ्या पापुद्र्यासारख्या होत होत्या. माहेराहून केळफूल, पडवळ नि अळू येत होतं. पहिले पाच तारे आले त्या दिवशी तिने शिरा केला.

"फुकट जेवायला घालतेस म्हणून येतात," पेडणेकर चिडून म्हणाले. "पैसे घ्यायला लाग, बघ कोणी फिरकतंय का."

सुहासिनीने पैसे घ्यायला सुरुवात केली. माणसं दुपटीने यायला लागली, कारण फुकटचं मागताना जे लाजत होते, तेही आता निर्धास्तपणे बेल वाजवू लागले.

सोसायटीचा चेअरमन जितेंद्र तळमजल्यावर राहायचा. त्याने एकदा पेडणेकरांना जिन्यात गाठलं. "काका, घरी काही कार्य वगैरे आहे का? पाहुणे फार दिसतात."

"हिच्या माहेरचे आहेत. गासचे."

"हेल्मेट घालून?"

"रस्ते बघतोस ना आपल्याकडचे," पेडणेकर म्हणाले आणि झपाझप वर गेले. नियमाच्या माणसाला खोटं बोलावं लागलं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्या दिवशी त्यांनी पोळीला हात लावला नाही, भातच खाल्ला.

रविवारी गच्चीवर सभा भरली. पेडणेकर इतिवृत्ताची वही घेऊन टेबलाशी बसले. हिशेब झाले, पाण्याच्या टाकीवरचं भांडण झालं, लिफ्टचं झालं. नकाशाचं कोणी नावही काढलं नाही. पेडणेकरांचा श्वास हळूहळू मोकळा व्हायला लागला. इतक्यात जितेंद्र उठला.

"मंडळी, यंदा त्या कोरड्या वेफर्सना फाटा दिलाय. मस्तपैकी जेवण मागवलंय. ऑनलाइन बघितलं, फुलपाड्यात सगळ्यात जास्त तारे ज्याला आहेत, त्याला सरळ फोन लावला. नावबिव नीट बघितलं नाही, पण फोनवरच्या बाई फार गोड बोलल्या. म्हणाल्या, साईछाया ना, आम्हाला अगदी जवळ आहे."

जिन्याचं दार उघडलं आणि दोन्ही हातांत डबे घेऊन सुहासिनी गच्चीवर आली. ठेवणीतली साडी नेसलेली होती. क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग जितेंद्रने मोबाइल काढला, नाव वाचलं, बोटाने खालचे अभिप्राय सरकवत गेला आणि मोठ्याने वाचू लागला: "पोळी जाड नसून पदर सुटलेली होती... सुधाकर पेडणेकर, मालक."

"अच्छा!" विनिता खुर्चीवरून उठली. बोलत नसण्याचे सगळे महिने तिने एका श्वासात भरून काढले. "म्हणजे माझं पार्लर बंद, आणि सेक्रेटरींच्या घरात खानावळ? माझ्याकडे निदान चार बायका गुपचूप यायच्या हो, काका. तुमचे गासचे नातेवाईक तर जिन्यात रांग लावतात!"

"मला बोलू द्या. तो व्यवसाय नाही. ती खूण आहे," पेडणेकर उठून म्हणाले. "गोळ्या दुसरीकडे जायच्या, म्हणून मी..." पण कोणत्या गोळ्या, कुठे जायच्या आणि त्यासाठी पोळ्या का विकायच्या, हे त्यांना कोणालाच पटवता येईना. त्यांचं त्यांनाही ते पटत नव्हतं. शेवटी ते थांबले आणि साध्या आवाजात म्हणाले, "विनिता, चूक माझी आहे. नियम मी केला, तो मीच मोडला. मी राजीनामा देतो."

"थांबा हो जरा," सुहासिनी म्हणाली. तिने सगळ्यांच्या हातात पानं दिली आणि वाढायला सुरुवात केली. "आधी जेवून घ्या सगळे. आणि हे म्हणतात ते ऐकू नका. खूणबीण काही नाही. व्यवसायच आहे. इतके दिवस नव्हता, पण आता मला करायचाय."

पहिल्या घासानंतर सगळ्यांनी पानं पुन्हा पुढे केली. मग विनितानेच केळफुलाची भाजी संपवत सुचवलं की तो जुना ठरावच रद्द करावा, म्हणजे पार्लरही सुरू होईल. जितेंद्रने विचारलं, कोणाचा विरोध? सगळ्यांची तोंडं भरलेली होती. राजीनाम्याचा विषय कोणी पुन्हा काढला नाही, कारण वही लिहायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

"काका, आता हेही नोंदवून टाका," जितेंद्र बोटं चाटत म्हणाला. "पहिला परवाना पोळीभाजी केंद्राला. काकू, मालक कोण लिहायचं?"

"मालक मी," सुहासिनी म्हणाली. "सुहासिनी सुधाकर पेडणेकर."

"आणि काका?"

सुहासिनीने नवऱ्याकडे पाहिलं. ते मान खाली घालून वहीत भराभरा लिहीत होते.

"त्यांचं अजून नक्की नाही," ती म्हणाली. "महिनाभर ठेवून बघते. दारात आलेल्या माणसाशी नीट बोलले, तर पुढे बघू."

सभेत बोललेला प्रत्येक शब्द इतिवृत्तात आलाच पाहिजे, हाही पेडणेकरांचाच नियम होता. त्यांनी तो शब्दन् शब्द लिहून घेतला आणि खाली सही केली.