स्वतंत्र तपासनीसाची सही

विमान हवेत राहते ते पंखांमुळे, असा आम जनतेचा समज आहे. वास्तविक ते सह्यांमुळे राहते. सोमाटण्याच्या आमच्या कंपनीत विमानात बसवायच्या, उंची दाखवणाऱ्या पेट्या तयार होतात. पेटीत चार हजार ओळींचा प्रोग्राम आणि पेटीमागे एकशे बारा सह्या (शिपाई रजेवर असल्यास एकशे अकरा). कागदपत्र विभागाचा प्रमुख या नात्याने हे मी अभिमानाने सांगतो.

यातली सर्वांत पवित्र सही स्वतंत्र तपासनीसाची. प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच तो तपासू नये, हा जगभरचा नियम. आमचे संचालक गोपाळकृष्ण सर त्याच्याही पुढे गेले. लिहिणाऱ्याला ओळखणारा भिडेला बळी पडतो, आणि प्रोग्राम समजणाऱ्याचे त्याबद्दल काहीतरी मत होऊन बसते. मग स्वातंत्र्य उरले कुठे? ज्याला काहीच ठाऊक नाही तोच खरा स्वतंत्र. म्हणून दर जानेवारीत आम्ही इंटर्न घेतो.

यंदा टाकव्याची रेणुका आली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची. आमचे प्रमाणपत्र मिळाले तर पदवी, नाहीतर वर्ष वाया. काम एकच, सही करणे. पण पोरीने घोळ घातला. तिने प्रोग्राम वाचला (सगळा, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा). म्हणाली, सेन्सर बंद पडला तरी पेटी शेवटची उंचीच दाखवत बसते.

यात नवीन ते काय? पेटी जीपमध्ये घालून आम्ही लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीला नेली होती. लोणावळ्यात सहाशे वीस मीटर, खोपोलीतही सहाशे वीस. अहवालात ‘आकड्याचे स्थैर्य : उत्तम’ असा शेरा आहे. तो मीच मारला.

सरांनी तिला शांतपणे समजावले की सही नाही तर प्रमाणपत्रही नाही. तिने पेनाला टोपण लावले. तिच्या जागी सही मी केली (अनुभवाने मी पुरेसा अज्ञानी आहे). तिने आपले प्रमाणपत्र स्वतःच टाइप केले आणि सरांच्या रोजच्या गठ्ठ्यात सरकवले. सर फोनवर बोलता बोलता चाळीस कागद सहीने पावन करतात. हाही झाला.

संध्याकाळी पेटीची गाडी आणि रेणुका एकदमच गेटवर पोचल्या. आमचा वॉचमन धोंडिबा प्रत्येक कागद बोट ठेवून वाचतो. (ही खोड घालवण्यासाठी त्याला दोनदा मेमो दिला. तेही त्याने वाचले.) प्रमाणपत्राच्या चौथ्या ओळीत होते : ‘त्यांनी शोधलेला दोष दूर होईपर्यंत सदर पेटी गेटबाहेर सोडू नये.’ धोंडिबाने गाडी अडवली. सर धापा टाकत आले.

“सायेब, सही तुमचीच हाय,” धोंडिबा म्हणाला. “वाचल्याबिगर मी दूधवाल्यालाबी आत सोडत न्हाई.”

न वाचता सही केली म्हणावे, तर बाकीच्या सह्यांचे काय, हा प्रश्न उभा राहिला असता. सरांनी गाडी मागे फिरवायला लावली. पेटी दुरुस्तीला गेली, रेणुका पदवी घेऊन मोकळी झाली. मला फार वाईट वाटले.

तपासनीसाची जागा सध्या रिकामी आहे. जाहिरात देणार नाही, उमेदवार सापडला आहे. परवा मोबाइलवर ‘सर्व अटी वाचल्या, मान्य आहेत’ यावर आपणच बोट ठेवलेत ना? त्यातली सत्तेचाळिसावी अट आमची होती. सोमवारी सकाळी नऊला सोमाटणे फाट्यावर हजर राहावे. येताना पेन आणावे. चष्म्याची गरज नाही.