दत्ताभाऊंची सहाशेची लेन्स

श्रीवर्धनच्या पंचायत समितीतले कारकून दत्तात्रेय भगत यांच्या सुखाच्या संसारात एक गिधाड शिरलं. खरंखुरं नव्हे, फोटोतलं. शेजारच्या प्रणय मास्तरनं ते म्हसळ्याच्या रानात टिपलं, आणि दत्ताभाऊंच्या बायकोनं, भक्तीनं, मोबाइलवरचा लग्नाचा फोटो काढून तिथं ते लावलं.

"अगं, माझ्या जागी गिधाड?"

"बघा तरी, डोळ्यांत कसं तेज आहे!" (लग्नाच्या फोटोत दत्ताभाऊंचे डोळे मिटलेले होते, हे मान्य. पण म्हणून गिधाड?)

त्या दिवसापासून दत्ताभाऊंच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओवा खाऊनही थांबेना. जळफळाट, दुसरं काय! शेवटी रजा टाकून त्यांनी पनवेलचं कॅमेऱ्याचं दुकान गाठलं.

"टेलिफोटो लेन्स दाखवा."

"काय काढणार साहेब? पक्षी, की खेळ?"

"प्रणयकडे तीनशे एमएमची आहे."

"कोण प्रणय?"

"त्याच्याहून मोठी दाखवा!"

दुकानदार भला माणूस. "एकदम सहाशेची नको साहेब. हात भरून येतो, जवळचं काही मावत नाही, सवय नसली तर..." दत्ताभाऊंना त्यातलं 'सहाशे' तेवढं ऐकू आलं. दुधी भोपळ्याएवढी ती लेन्स मांडीवर घेऊन ते एसटीनं घरी आले.

"हे काय आणलंत?" भक्तीनं विचारलं.

"गणराजच्या शर्यतीला कळेल!"

गणराज म्हणजे भक्तीचा भाऊ. किनाऱ्यावरच्या बैलगाडी शर्यतीत त्याची जोडी यंदा पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. तिचा झेंडा ओलांडतानाचा असा फोटो काढायचा, की गिधाडानं मोबाइलवरून आपण होऊन उडून जावं, असा दत्ताभाऊंचा बेत.

शर्यतीच्या दिवशी ते पार लांब, खडकांपाशी ठाण मांडून बसले. गाड्या सुटल्या. "हाण रं! हाण!" असा गलका उठला. दत्ताभाऊंनी लेन्स झेंड्याकडे वळवली आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं. लेन्समध्ये भक्ती! आणि तिच्या अगदी खांद्याला खांदा लावून प्रणय! दोघंही हसतायत!

"अस्सं!" दत्ताभाऊंनी दात खाल्ले आणि बटण दाबलं. दाबतच राहिले. पुरावा नको? बैल, झेंडा, मेहुणा, सगळं गेलं खड्ड्यात.

तिकडे दोन गाड्या एकदमच झेंड्याला भिडल्या. गणराज म्हणे मी जिंकलो, दुसऱ्या गाडीवरचा सदा म्हणे मी. प्रकरण हातघाईवर आलं, पंचांची मती गुंग झाली. तेवढ्यात भक्ती ओरडली, "थांबा! आमच्या ह्यांच्याकडे फोटो आहे!"

अख्खा गाव खडकांकडे धावला. "बॅटरी जरा..." असं दत्ताभाऊ पुटपुटेपर्यंत गणराजनं कॅमेरा ओढून घेतला. पहिला फोटो, भक्ती आणि प्रणय. दुसरा, भक्ती आणि प्रणय. तो बटण दाबत गेला, गाव माना वाकवून बघत गेला.

"दाजी," गणराजनं विचारलं, "बैल कुठं हायत?"

प्रणयनं वाकून पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "अहो दादा, वहिनी इकडे सरबताच्या गाडीपाशी होत्या, मी तिकडे झेंड्याजवळ. मधून एसटी वळली असती! लांबच्या लेन्समध्ये पुढचं-मागचं चिकटल्यासारखं दिसतं."

"म्हणजे माझ्या भावाची गाडी सोडून तुम्ही माझ्यावर पाळत ठेवत होतात?" भक्ती हे इतक्या हळू आवाजात म्हणाली, की दत्ताभाऊंना दरदरून घाम फुटला.

मग प्रणयनं आपल्या तीनशेच्या लेन्सनं काढलेला फोटो पंचांपुढं धरला. गणराजच्या बैलाचं नाक वीतभर पुढं होतं. झालं! गुलाल उधळला, गणराजनं प्रणयलाच खांद्यावर घेतलं. "मास्तर, उद्या जेवायला आमच्याकडेच," भक्ती म्हणाली. "सुरमई आणते." (दत्ताभाऊंसाठी गेला महिनाभर बोंबीलच येत होते.)

"आता सगळ्यांचा एक फोटो होऊन जाऊ द्या!" पंच म्हणाले. प्रणय तर फोटोत हवाच. मग काढणार कोण?

दत्ताभाऊंनी मुकाट्यानं लेन्स रोखली. आत फक्त बैलाचं एक शिंग. ते मागं सरकले. शिंगाला कान आला. आणखी मागं. गणराजची मिशी आली, दत्ताभाऊंच्या चपला भिजल्या. प्रणयचा हसरा चेहरा आला (तो बरा लवकर आला!), गुडघे भिजले. मग पाणी कमरेला लागलं.

"आलो का सगळे?" किनाऱ्यावरून भक्तीनं विचारलं.

"तूच तेवढी फोटोच्या बाहेर आहेस!"

"मग सरका की अजून मागं!" भक्ती ओरडली. "आणि ती लेन्स वर धरा हो, भिजेल! तुमचं काय, तुम्ही वाळाल!"