कुरड्या वाळेपर्यंत

हेमराज परातेची उडती गाडी नंदनवनातल्या त्याच्या घरावर बरोबर सांगितलेल्या वेळी परत आली, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

निघताना तो आईला सांगून गेला होता, "माय, रामटेकले जातो, काकाजीले घेतो अन् तासाभरात येतो." नंदनवनात 'तासाभरात येतो' म्हणून गेलेला माणूस जेवणाआधी दिसत नाही, हे मैनाबाईंना साऱ्या संसाराच्या अनुभवानं ठाऊक होतं. त्यातून रामटेकला गेलेल्याला दोन घरचा चहा चुकत नाही. म्हणून गाडी उठताच मोकळी झालेली ऐसपैस गच्ची पाहून त्यांनी शेजारच्या कुसुमताईंना हाक मारली, शिजवलेल्या चिकाचं पातेलं वर चढवलं आणि जुनी लुगडी अंथरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गव्हाच्या कुरड्या घातल्या. पोरीच्या रुखवताच्या.

पोर म्हणजे हेमराजची बहीण प्रियदर्शनी. आता रुखवत घालायला घेतलं, पण लग्न कुठं ठरलं होतं? मुलगा पंकज केव्हाच हो म्हणाला होता, प्रियदर्शनीही. अडले होते पंकजचे वडील. रामटेकचे ईश्वरदास धानाच्या शेतीतले जुने माणूस, शब्दसुद्धा पाखडून बोलायचे. दिवाळीपासून त्यांचा एकच निरोप यायचा, "कळवतो." संक्रांत झाली, होळी जळली. "कळवतो." प्रियदर्शनीनं हल्ली फोन वाजला की उठून पाहणंही सोडलं होतं.

म्हणून हेमराजनं ही युक्ती काढली. सक्करदऱ्याला त्याचं कूलरचं दुकान. एका नव्या कंपनीनं एजन्सी देण्याआधी चालवून पाहा म्हणून त्याच्याकडे ही गाडी ठेवली होती. बसायला दोघांपुरता काचेचा डबा आणि भोवती आठ पंखे. गल्लीतले लोक म्हणत, "हेमराजनं कूलर आडवा पाडला अन् त्यात खुर्ची टाकली." गाडी स्वतःच उडायची, स्वतःच उतरायची आणि आतून एक बाई मंजुळ हिंदीत बोलायची. मात्र त्या बाईला उतरायच्या दोनच जागा शिकवलेल्या होत्या. एक हेमराजची गच्ची, दुसरं ईश्वरदासांचं खळं. सोयऱ्यांना अशा गाडीतून आणलं तर ते 'कळवतो' विसरतील, असा हेमराजचा हिशेब.

गच्चीच्या वर गाडी थांबली आणि बाई म्हणाली, "बैटरी कम है. नीचे जगह खाली है. उतरूँ?"

हेमराजचं बोट हिरव्या बटणाकडे गेलं. तेवढ्यात खाली मैनाबाई दोन्ही हात हलवताना दिसल्या आणि त्याचा फोन वाजला.

"खबरदार उतरला तं! कुरड्या दिसत नाही का तुले?"

"माय, ह्या काहून घातल्या गच्चीवर?"

"तू एवढ्या लवकर काहून आला? तिकडे चहा पेला नाही का?"

"उचल ना वं त्या! बॅटरी संपून राहिली!"

"ओल्या आहेत गा! हात लावला तं लगदा होते. वाळल्या का उचलतो."

"कधी वाळन?"

"दुपार होईन."

शेजारी बसलेल्या ईश्वरदासांनी डोळे मिटूनच विचारलं, "काय म्हणून राहिल्या?"

"थोडं थांबा म्हणते, काकाजी."

"कुठी थांबा?"

हेमराजनं खाली पाहिलं. पायाखाली काच, काचेखाली हवा.

"दुसऱ्याच्या गच्चीवर टाक ना बावा!"

"टाक्या आहेत, तारा आहेत, अन् हे बाई ऐकत नाही. तिले दोनच जागा माहीत."

"मंग माह्या खळ्यावर चाल!"

"तेवढी बॅटरी नाही."

डाव्या बाजूचा दिवा पिवळ्याचा लाल झाला. गाडी जरा कलली, सावरली. ईश्वरदासांनी हेमराजचा दंड धरला तो असा, की पुढे आठवडाभर तिथं पाच बोटं दिसत होती. मी स्वतः पाहिली आहेत.

"हेमराज," फोनमधून मैनाबाईंचा आवाज आला, एकदम शांत. "पाहुण्यायले फोन दे."

"राम राम, पाहुणे."

"रामराम, रामराम!"

"हे पाहा, ह्या कुरड्या रुखवताच्या आहेत. तुमचा नकार असन तं रुखवत कायचं अन् कुरड्या कायच्या? खुशाल उतरा, माहं काही म्हणणं नाही. पण होकार असन, तं सुनेच्या रुखवतावर सासऱ्यानं गाडी ठेवणं शोभत नाही. वाळेपर्यंत थांबा लागन. बोला."

ईश्वरदासांच्या तोंडून सवयीनं निघालं, "क... कळव..."

"बैटरी बहुत कम है," बाई म्हणाली.

"काकाजी," हेमराज कुजबुजला, "आता 'नाही' म्हणून टाका. उतरल्यावर 'हाव' म्हणजा. बहीण माही आहे, मी समजून घेईन."

ईश्वरदासांनी पहिल्यांदा डोळे उघडले आणि खाली पाहिलं. पंख्यांच्या वाऱ्यानं लुगड्याचं एक टोक उडू पाहत होतं आणि त्यावर एक पोरगी गुडघे रोवून, दोन्ही हात टाकून बसली होती. केस तोंडावर, डोळे कुरड्यांवर. वर पाहायला तिला फुरसत नव्हती. कोणाच्या घरी जायचं ते ठरलेलं नाही, तरी त्या घरची कुरडई उडू देत नव्हती. आणि ईश्वरदास तर खळ्यावर सांडलेल्या धानावर कोणाचा पाय पडला तरी दोन दिवस बोलत नसत.

"अन्नावर गाडी ठेवू म्हणतं का बे?" ते हेमराजवर कडाडले. मग फोनमध्ये ओरडले, "हाव! आमच्याकडून हाव!"

खाली बायकांनी एकच कल्ला केला. वर दोघंही क्षणभर हसले, आणि मग दोघांनाही एकदमच उमगलं की हाव म्हटलं म्हणजे आता लटकायचं.

दुसरा दिवा लाल झाला. ईश्वरदास रामरक्षा म्हणू लागले, पण मधल्या ओळी गळत होत्या. हेमराजला घाम फुटला आणि घाम पुसता पुसता त्याच्यातला कूलरवाला जागा झाला.

"काकाजी, कूलरमधलं पाणी संपलं का मंग तो काय फेकते?"

"आता कूलर विकतं का मले?"

"गरम हवा फेकते! एप्रिलचं ऊन अन् आठ पंखे!" हिरवं बटण जरा दाबत, जरा सोडत त्यानं गाडी पुरुषभर उंचीवर आणली. बायका पदर धरून कठड्याला चिकटल्या. प्रियदर्शनी मात्र टोक सोडायला तयार नव्हती. उकळत्या हवेचा झोत कुरड्यांवरून फिरू लागला. बाई सारखी म्हणत होती, "कृपया उतरिए, कृपया उतरिए," आणि आता तिचाही आवाज बसत चालला होता.

एवढ्यात खालून एक कुरडई सुटली, गिरक्या घेत वर आली आणि काचेवर आपटली. टक्!

"वाजली!" ईश्वरदास ओरडले. "ओली असती तं चिकटली असती! वाळल्या, विहीणबाई, वाळल्या!"

बायकांनी लुगड्यांची टोकं धरली, कुरड्यांसकट जिन्यात नेली. गाडी धप्पकन् बसली. "धन्यवाद," बाई म्हणाली आणि निजली.

ईश्वरदास उतरून कठड्याला पाठ लावून बसले आणि दोन्ही हातांनी फरशी चाचपत राहिले. प्रियदर्शनीनं पाणी आणलं. कुसुमताईंनी तर लगेच नंबर लावला, "हेमराज, उद्या माहे पापड आहेत गा. गाडी कुठी नेऊ नको." मैनाबाईंनी पाहुण्यांच्या हातावर साखर ठेवली आणि हळूच विचारलं, "मग तारीख कोणती धराची?"

पाय जमिनीला लागले होते. पोटात पाणी गेलं होतं. ईश्वरदासांनी मिशा पुसल्या, आभाळाकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "पाहू. कळवतो."

मैनाबाईंना मुळीच राग आला नाही. त्यांनी पदर खोचला आणि वळून हाक मारली, "हेमराज, गाडी चार्जिंगले लाव गा. पाहुण्यायले रामटेकले सोडून ये."

"आखाजीचा सण झाला का पहिलाच मुहूर्त धरा," ईश्वरदास म्हणाले. तोवर ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. "अन् वरात आमची बसनं येईन!"