पंचवीस आत, चोवीस बाहेर

शनिवारी दुपारी बारापर्यंत स्वरूपाला पंचवीस वाळलेल्या वनस्पती कॉलेजात जमा करायच्या होत्या आणि गुरुवारी संध्याकाळी पंचवीसच्या पंचवीस ओल्या होत्या. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला योगिनी मॅडमचा नियम साधा होता. फाइल नाही, तर त्याच दुपारच्या प्रॅक्टिकलला बसायचं नाही. आणि प्रॅक्टिकल नाही, तर वर्ष गेलं.

झाडं तिनं मन लावून जमवली होती. रहाटणीतले मोकळे प्लॉट, पवनेचा काठ, तळवड्यातल्या शेडांच्या मागची जागा, काही सोडलं नव्हतं. प्रत्येक झाड वर्तमानपत्राच्या घडीत, सोबत शाईच्या पेनानं लिहिलेली नावाची चिठ्ठी, सगळा गठ्ठा दिवाणावर, त्यावर पाट आणि पाटावर गव्हाचा भरलेला डबा. पण सप्टेंबरची हवा आणि दोन इमारतींच्या मधला फ्लॅट. ऊन त्या घरात सकाळी नऊला येई आणि सव्वानऊला कामावर गेल्यासारखं निघून जाई.

"माझा डबा आठ दिवस दिवाणावर बसलाय, पाहुण्यासारखा," सुमनताई म्हणाल्या. "आणि आम्ही खाली."

"आई, वजन लागतं गं. रस निघून गेला की पान वाळतं."

हे 'वजन लागतं' हिंदुरावांनी ऐकलं आणि तिथं घात झाला. हिंदुराव चाकणच्या एका कंपनीत बावीस वर्षं प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा दाबून ब्रॅकेट काढायचे. ज्या माणसानं आयुष्यभर दाबण्याचंच काम केलं, त्याच्या घरात पोरगी गव्हाच्या डब्यानं दाबत बसते, हा त्यांना आपल्या कारागिरीचा अपमान वाटला. न बोलता ठरवायची त्यांची जुनी खोड होती.

शुक्रवारी सकाळी सात वाजता स्वरूपा उठली, तेव्हा दिवाणावर एकटा डबा होता.

"आई! गठ्ठा कुठंय?"

"पप्पा घेऊन गेले कंपनीत. म्हणाले, साठ टनांत काम होईल."

"साठ टन?" स्वरूपा मटकन डब्यावरच बसली.

तिकडे कंपनीच्या गेटवर गठ्ठ्याची नोंद चालू होती. सिक्युरिटीला ज्ञानदेव होता. जवळच्याच गावचा, वयानं पन्नाशीचा आणि नियमाला पक्का. बाहेरून आलेली सुईसुद्धा रजिस्टरात चढल्याशिवाय तो आत सोडत नसे.

"काय लिवू, हिंदुराव?"

"झाडपाला लिही."

"नग का किलो?"

"नग. पंचवीस."

"परत जानार हाय का हितंच ऱ्हानार?"

"परत जाणार बाबा. आजच जाणार. पोरीचं वर्ष आहे त्यात."

"वर्षाला रकाना न्हाई," ज्ञानदेव म्हणाला आणि 'परत जाणार'वर खूण केली.

चहाच्या सुट्टीत हिंदुरावांनी गठ्ठा दोन सपाट प्लेटांमध्ये ठेवला. त्यांच्या बाजूनं सांगायचं, तर त्यांनी मशीन अगदी हळू उतरवलं, लेकराच्या डोक्यावर हात ठेवावा तसं. पण साठ टनांच्या मशीनचा हलका हात तो किती हलका असणार? चर्रकन आवाज झाला आणि गठ्ठ्याच्या चारी बाजूंनी हिरवं पाणी आलं.

उघडून पाहिलं, तर चोवीस झाडं कागदापेक्षा पातळ झालेली. रस निघून गेला होता, याबद्दल वाद नव्हता. मात्र तो जाता जाता चिठ्ठ्यांवरची सगळी शाई घेऊन गेला होता. एकही नाव वाचता येईना. रुईच्या रुंद पानावर वर्तमानपत्रातली 'त्वरित पाहिजेत' ही जाहिरात उलट्या अक्षरांत उमटली होती. आणि पंचविसावी, जाड पानांची पानफुटी, तिची चटणी झाली होती. हिंदुरावांनी ती मशीनवरून फडक्यानं पुसून घेतली.

साडेतीनला शिफ्ट सुटली. घरी जाणारी बस गेटबाहेर उभी होती.

"पंचवीस आत," ज्ञानदेवानं रजिस्टरावर बोट ठेवलं. "हे चोवीसच हायेत."

"एकाची चटणी झाली."

"मंग स्क्रॅप नोट आना."

"अरे, पानाची कसली स्क्रॅप नोट?"

"पानाची असू दे न्हाईतर पत्र्याची. माल आत आला तर त्यो गेला कुटं, ह्ये मला दाखवावं लागतं. माझी नोकरी हाय, राव."

हिंदुराव पळत क्वालिटीच्या गणराज साहेबांकडे गेले. गणराज साहेब तरुण होते आणि फॉर्मचा एकही रकाना मोकळा सोडत नसत. पाच मिनिटांत नोट तयार झाली. पार्टचं नाव: पानफुटी. नग: एक. दोष: माल मऊ. सप्लायर: मुलगी.

"सप्लायरला कळवा," सही करत साहेब म्हणाले. "पुढच्या वेळी कडक माल पाठवा म्हणावं."

नोट घेऊन परत आले, तर ज्ञानदेवानं गठ्ठा सोडून टेबलावर पसरला होता. "जे आत आलं तेच भायेर जातंय का, बघाया नको?" त्यानं पहिला कागद उचलला. "ह्यो टाकळा."

हिंदुराव जागच्या जागी थबकले. "काय म्हणालास?"

"टाकळा. आमी भाजी करतो की. आन् ह्यो आघाडा, ऋषिपंचमीला दातवनाला लागतो. ही कंबरमोडी, खरचटलं की रस लावायचा. तुमच्या शॉपातल्या पोरांना रोज लागंल."

"दमानं, दमानं! पेन दे." हिंदुरावांनी माल बाहेर न्यायचा गेटपास पालथा केला. "तू बोल, मी लिहितो. प्रत्येक कागदावर नंबर टाकतो. तुला हे सगळं कसं ओळखू येतं रे? चपटं झालंय, काळं पडलंय."

"ही प्रेस शॉप हाय ना तुमची, तिथं आमची बाजरी व्हायची," ज्ञानदेव सहज म्हणाला. "पंधरा वर्सं ह्येच उपटीत बसलोय म्या. वाळल्यालं, तुडविल्यालं, बैलानं अर्धं खाल्ल्यालं, समदं ओळकतो. लिवा, कुर्डू."

बसनं हॉर्न वाजवला. खिडकीतून कोणीतरी ओरडलं, "ओ हिंदुराव, ओव्हरटाइमला शेती काढली काय?"

"थांबव रे दोन मिनिटं! सहाच राहिलेत!"

बस दोन मिनिटं थांबली आणि तिसऱ्या मिनिटाला गेली. हिंदुराव तीन रिक्षा बदलून घरी आले.

स्वरूपानं गठ्ठा उघडला आणि ती रडली. मग तिनं गेटपासची मागची बाजू वाचली आणि तिचं रडू थांबलं. चपट्या चोवीसांतली आठ तिला ओळखता आली असती, बाकी सोळा देवानंसुद्धा ओळखली नसती. पण नाव मराठीत मिळाल्यावर पुस्तकातून शास्त्रीय नाव काढणं अवघड नव्हतं. सुमनताईंनी खळ शिजवली, हिंदुरावांना लांब बसवलं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत चोवीस पानं तयार झाली. पंचविसाव्या पानावर काय लावायचं, हे कोणालाच सुचेना. शेवटी स्वरूपानं तिथं स्क्रॅप नोट चिकटवली. निदान पान कोरं नको.

शनिवारी योगिनी मॅडमच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. प्रत्येक फाइल सुबक, प्रत्येक पान सपाट, हिरवा रंग जिथल्या तिथं. स्वरूपाची फाइल त्यांनी उघडली आणि चष्मा पुसला.

"ही रुई आहे ना? हिच्यावर काय छापलंय?"

"जाहिरात, मॅडम."

मॅडमनी पान उलटलं. मग पुढचं. आघाड्याचा तुरा चपटा होऊन मुंगळ्यासारखा दिसत होता. पंचविसाव्या पानाशी त्या थांबल्या. 'दोष: माल मऊ' हे त्यांनी दोनदा वाचलं. स्वरूपाला आपलं वर्ष गेलेलं दिसलं.

"या बेचाळीस फायली बघितल्यास?" मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांत तीच पंचवीस झाडं, त्याच क्रमानं. एकाच दुकानातून तयार आणलेली. मला काय कळत नाही? हे सगळे आज बाहेर बसणार." त्यांनी स्वरूपाच्या फाइलीवर सही केली. "नावं सगळी बरोबर आहेत. आणि इतकं वाईट दाबलेलं बाजारात विकत मिळत नाही. हे हातानंच केलेलं असणार. जा, आत बस."

घरी आल्यावर स्वरूपानं हे शब्दन् शब्द सांगितलं. सुमनताईंनी तिला साखर भरवली.

"हातानं केलंय म्हणाल्या?" हिंदुरावांनी पुन्हा विचारलं.

"हो."

"बघ!" हिंदुराव सुमनताईंकडे वळले, आणि त्यांची मान ताठ झाली. "साठ टनांच्या मशीनवर हाताची सफाई आणायला बावीस वर्षं जातात. आमच्या साहेबाला कोण सांगणार?"