निरोपाचे बटाटे

वसाहतीच्या व्यवस्थापन समितीवर सरळ आरोप आहे. एका कष्टाळू बाईचा चांगला धडधाकट नवरा तुम्ही खाऊ घालून घालून पळवलात. बायकोच्या ताटाखालचं मांजर झालेले नवरे गल्लोगल्ली आहेत, त्यांचं कोणाला काही वाटत नाही. पण अख्ख्या वसाहतीच्या ताटाखालचं मांजर झालेला हा एकच, आणि त्याला तसा केला तुम्ही. अध्यक्षमहाशय, मान खाली घालू नका. खाली ताटच आहे.

बाई कवळ्या बनवते. प्लास्टरचे साचे, गुलाबी हिरड्या, तांबूस दिव्याखाली एकेक दात बसवायचा, असं नाजूक काम. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. लोक गमतीनं म्हणत, ती दात बनवते आणि हा झिजवतो. गमतीचा भाग त्यात कमी होता.

तर या बाईला दुसऱ्या शहरातून बोलावणं आलं. तिथल्या कवळ्या बनवणाऱ्या दंतशाळेचा म्हातारा मालक कारभार सोपवून मुलीकडे चालला होता. महिन्याभरानं एका सोमवारी सकाळी समोर हजर राहणाऱ्या माणसाच्या हातात तो किल्ल्या देणार, वर राहायला दोन खोल्या देणार आणि दुपारचं विमान पकडणार. बाई पोचली नाही तर दुसरा उमेदवार पायरीवर बसलेलाच होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताखाली दात बसवलेल्या बाईला पहिल्यांदा स्वतःचं टेबल मिळत होतं. नवऱ्यानं ऐकलं, मान डोलावली आणि भिंगं काय, कुठेही घासता येतात असं म्हणाला.

मग त्यानं बांधाबांध सुरू केली, तीही स्वयंपाकघरापासून. बाई म्हणाली की अजून महिना आहे, आधी माळ्यावरचं काढ, पुस्तकं बांध. पण स्वयंपाकघर म्हणजे सगळ्यात किचकट काम, ते आधी उरकलेलं बरं, असं म्हणत त्यानं संध्याकाळच्या आत शेगडीपासून चाळणीपर्यंत सगळं खोक्यांत घालून चिकटपट्टी मारली. बाहेर ठेवला फक्त एक चमचा, तो खिशात.

यामागची दूरदृष्टी दुसऱ्या दिवशी कळली. अग्निशमन केंद्राच्या अंगणात सामुदायिक सूपपान होतं. शनिवारी वाचनालयाचं भोजन. मग गायकवृंदाचा केक. सकाळी फिरायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांचा नाश्ता होता, त्यालाही हा गेला. त्यांच्याबरोबर तो कधी कोपऱ्यापर्यंतही चालला नव्हता. अशा ठिकाणी प्रत्येकानं घरून काहीतरी करून आणायचं असतं. यानं रिकामे हात दाखवले की लोक म्हणत, "असू द्या हो, तुम्ही काय, जाणारी माणसं."

जाणारा माणूस म्हटलं की डाव दोनदा वळतो. केकचा साखर जास्त असलेला कोपरा त्याच्याकडे येतो. रस्सा देताना वाढपी खालून ढवळतो. जगात जाणाऱ्या माणसाइतकं सुख कोणाला नाही, फक्त त्यानं जाता कामा नये, हे त्याला त्या महिन्यात कळून चुकलं.

बाईनं एकदा घरी येताना विचारलं, "तुला खरंच जायचंय ना?"

"म्हणजे काय. जाणारच," तो म्हणाला. ओठाला साय होती.

आता समितीचा पराक्रम ऐका. या दोघांना निरोपाचं जेवण द्यायचं ठरलं. कधी? रविवारी सकाळी. सामानाचा ट्रक कधी यायचा होता? रविवारी सकाळी. आणि मांडव कुठे घातला? अंगणात दुचाक्यांची गर्दी, म्हणून फाटकाच्या तोंडात. दोन खांब या अंगाला, दोन त्या अंगाला, मध्ये टेबलं. ट्रक आला आणि रस्त्यावर उभा राहून निरोपाकडे बघत बसला.

ट्रकचालक समजूतदार माणूस. त्यानं अध्यक्षांना विचारलं की मांडव कधी उतरणार. अध्यक्ष हे निवृत्त तिकीट तपासनीस. नियम सांगताना त्यांचा आवाज खर्जात जातो. जेवण संपल्याशिवाय मांडव उतरवायचा नाही, असा ठराव आहे, ते म्हणाले. आणि पातेली रिकामी झाल्याशिवाय जेवण संपलं असं धरत नाहीत.

"मग रिकामी करू की," चालक म्हणाला, आणि हमालांना घेऊन टेबलाला बसला.

हमालांनी घाम गाळून खाल्लं, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. पातेल्यांचे तळ दिसू लागले. पण पाहुण्यांना पातेल्याचा तळ दिसणं ही त्या वसाहतीत बेअब्रू. शिंपीणकाकूंच्या बटाट्यांचा तळ दिसला तशा त्या धावत घरी गेल्या आणि दुसरं पातेलं घेऊन आल्या. ते पाहून पोस्टमननंही बटाटे आणले, शेजारच्या घरानं वांगी आणली. वांगी आली म्हणून अध्यक्षीणबाईंनी सूप वाढवलं. जितकं खावं तितकं वाढत चाललं. दुपार झाली तेव्हा हमाल घरातून अंगणापर्यंत आणलेल्या गादीवरच आडवे झाले होते. जी उचलायची तिच्यावरच घोरत होते, आणि टेबलावर सकाळपेक्षा जास्त अन्न होतं.

बाईनं नवऱ्याला बाजूला घेतलं आणि तू तरी काही बोल म्हणाली. लोकांनी एवढं प्रेमानं केलंय, मधूनच उठणं बरं दिसत नाही, असं तो म्हणाला. हे त्याचं तिसरं ताट होतं.

मग ती अध्यक्षांकडे गेली. निदान एक खांब काढा, ट्रक तिरका घालून आत घेऊ, अशी विनवणी केली. सोमवारचं सगळं सांगितलं. किल्ल्या, म्हातारा मालक, पायरीवरचा उमेदवार.

"वहिनी," अध्यक्ष म्हणाले, "निरोप अर्धवट सोडता येत नाही. मग जाणारा धड गेला नाही आणि राहणारा धड राहिला नाही, असं होतं. तुम्ही सूप घेतलं का?"

लोकांची तोंडं कशानं उघडतात आणि कशानं मिटतात, हे बाईला धंद्यामुळे माहीत होतं. तिनं ताट घेतलं. टेबलावर बटाट्यांची तीन पातेली होती, एक शिंपीणकाकूंचं, एक पोस्टमनचं, एक अध्यक्षीणबाईंचं. तिनं एक फोड तोंडात टाकली, सावकाश चावली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "बटाटे जरा कच्चे राहिलेत."

चमचे थांबले.

"कोणाचे?" शिंपीणकाकूंनी विचारलं.

"ते कसं सांगू," बाई म्हणाली. "जाता जाता कशाला कोणाला दुखवा."

पुढचं आपोआप घडलं. पोस्टमन म्हणाला की तो सुरी खुपसून बघितल्याशिवाय पातेलं उतरवत नाही, ज्यांना ती सवय नाही त्यांनी विचार करावा. अध्यक्षीणबाईंनी सांगितलं की त्यांच्याकडे बटाटे माहेरापासून मऊच असतात. आपल्या पातेल्यात दुसऱ्याचा बटाटा पडू नये म्हणून शिंपीणकाकूंनी झाकण लावलं आणि पातेलं काखोटीला मारून घरी निघाल्या. मग पोस्टमननं त्याचं उचललं. उद्या आपल्यावरही बालंट नको म्हणून भातवाल्यांनी भात नेला, केकवाल्यांनी केक. बघता बघता टेबलं उघडी पडली. पातेलीच नाहीत म्हणजे जेवण संपलं, हे अध्यक्षांना ठरावाप्रमाणे मान्य करावं लागलं. खांब उतरले. वास थांबला तसे हमाल जागे झाले. अंधार पडायच्या आत सामान चढलं.

बाई चालकाशेजारी जाऊन बसली. नवरा पाय वर टाकणार, तेवढ्यात अध्यक्षांनी त्याचा दंड धरला.

"तुम्ही कुठे? आरोप तुमच्या घरातून झालाय. चौकशी होणार. एक जण तरी साक्षीला लागेल."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. चेहरा पडलेला दाखवायचा त्यानं बराच प्रयत्न केला. "तू हो पुढे," तो म्हणाला. "दोन दिवसांत येतोच."

सोमवारी बाईला किल्ल्या मिळाल्या. टेबल मिळालं, दिवा मिळाला, फळीवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे मिळाले. नवरा मिळाला नाही.

चौकशीची पद्धत समितीनं अशी ठरवली: तिन्ही घरांनी त्या दिवशीसारखेच बटाटे पुन्हा करायचे आणि साक्षीदारानं खाऊन ओळखायचं. पहिल्या दिवशी तिन्ही पातेली लोण्यासारखी मऊ निघाली. अध्यक्षांनी निष्कर्ष काढला की घरांनी मुद्दाम काळजी घेतली, सबब निष्काळजीपणानं पुन्हा करा. निष्काळजीपणानंही ते मऊच झाले. मग वांगीवाल्या घरानं अर्ज दिला की संशयाची सुई आपल्याकडेही वळू शकते, तेव्हा आपल्यालाही निर्दोष ठरवून मिळावं. मागोमाग भात आला, केक आला. साक्षीदार समितीच्या कचेरीतल्या सोफ्यावर झोपतो. त्याच्या जुन्या घरात नवे भाडेकरू आले. त्यांच्या स्वागताच्या जेवणालाही तो होता, तज्ज्ञ म्हणून.

बाईनं फोन केला. कोणाचंही एक नाव घे आणि निघून ये, म्हणाली. असं खोटं कसं सांगू, लोकांच्या अब्रूचा प्रश्न आहे, असं त्यानं गंभीरपणे सांगितलं.

"ऐक," बाई म्हणाली. "बटाटे कच्चे नव्हतेच. चांगले शिजले होते. मी खोटं बोलले."

पलीकडे त्यानं दार लोटून घेतल्याचं ऐकू आलं. मग तो कुजबुजला, "हे इथे कोणाला सांगू नकोस. चौकशीच बंद पडेल."

बाईनं हातातला जबडा खाली ठेवला.

"आता एकच विचारते," ती म्हणाली. "बटाटे की मी? उत्तर दे. आणि आधी तो तोंडातला घास गिळ."